रूपकाआधीचा अर्थ : गीतरत्न, विराणी आणि एक ओवी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले. आंजर्ल्यात ज्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या त्यांना त्या दिवसाचे वर्णन नव्याने सांगायला नको. माझ्या घराची कौले उडाली आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पाणी शिरले. त्या ट्रंकेत मी १९९२ ते १९९८ या काळात दापोली तालुक्यातल्या गावांतून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या अकरा वह्या होत्या. पुढचे कित्येक दिवस ओटीवर दोरी बांधून, चिमटे लावून मी त्यांची पाने वाळवत होतो. वीज नव्हती, फोन नव्हता, दुसरे काम सुचत नव्हते. तेव्हा माझ्याच अक्षरातली एक टीप समोर आली. शाई पसरली होती, तरी वाचता येत होती : ‘सखा = पांडुरंग. बोट = नाम. खाडी = भवसागर.’

ही टीप ज्या ओवीखाली होती ती आमच्या वाडीत कामाला येणाऱ्या एका म्हातारीने सांगितलेली. तिला सगळे आजीच म्हणत. ओवीत दळणारी बाई सांगते की, तिचा काळासावळा सखा बोटीत बसून गेला, ती काठावर उभी राहिली, बोटीचा दिवा दिसेनासा झाला, आणि तेव्हापासून तिच्या जात्यातून पीठ जाड पडते आहे. एवढेच. मी त्यावर एक लेख लिहिला, तो एका छोट्या नियतकालिकात छापूनही आला. अंक घेऊन मी आजीकडे गेलो आणि माझे निरूपण मोठ्या हौसेने तिला वाचून दाखवले. ती हसली. म्हणाली, “कुठला पांडुरंग? माझा घोव व्हता तो. हर्णैच्या बंदरातून बोटीनं मुंबैला गेला.”

मी तेव्हा अडतीस नव्हे, अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि बरेच काही वाचले आहे अशी माझी समजूत होती. म्हातारीला स्वतःच्या ओवीतला गर्भितार्थ कळत नाही, असे मनाशी म्हणून मी परत आलो. वहीत दुरुस्ती केली नाही.

वादळानंतरच्या त्या अंधाऱ्या आठवड्यांत कंदिलाच्या उजेडात मी आणखी एक पुस्तक वाचत होतो. पुण्याच्या पदपथावर घेतलेले मराठी पवित्र शास्त्र, आणि त्यातला ‘गीतरत्न’ हा भाग. ओव्यांच्या वह्या आणि गीतरत्न एकाच वेळी हाताशी आले हा केवळ योगायोग. पण त्या योगायोगाने मला माझी टीप नीट वाचायला लावली. हा लेख त्याविषयी आहे.

गीतरत्न हे मराठीतले नाव. मूळ हिब्रू नावाचा अर्थ ‘गीतांमधले गीत’, म्हणजे सर्व गीतांत श्रेष्ठ. आठ अध्याय आणि एकशे सतरा वचने एवढाच त्याचा पसारा. पहिल्या ओळीत शलोमोन राजाचे नाव येते, म्हणून परंपरेने ते शलोमोनाचे मानले. पण वाचू लागले की राजा मागे पडतो. निम्म्याहून अधिक बोलणे एका मुलीचे आहे. ती उन्हात रापलेली आहे, कारण भावांनी तिला द्राक्षमळे राखायला लावले. ती प्रियकराला दुपारी कळप कुठे बसवतोस म्हणून विचारते. रात्री अंथरुणातून उठून नगरात त्याला शोधते. एन-गेदीच्या मळ्यांतली मेंदी, डाळिंबे, अंजिराची पहिली फळे, द्राक्षवेली नासवणारे कोल्हे असे सगळे तिच्या बोलण्यात येते. लग्नाचे नाव फारसे नाही, मुलाबाळांचे नाही, आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे देवाचेही नाही. आठव्या अध्यायात प्रेमाला ज्वाला म्हटले आहे, त्या हिब्रू शब्दाच्या शेपटाला देवाच्या नावाचा एक तुकडा चिकटलेला आहे असे काही पंडित मानतात; तेवढा सोडला तर संपूर्ण काव्यात देव कुठेच नाही.

असे काव्य धर्मग्रंथात कसे टिकले? इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात यहुदी धर्मगुरूंमध्ये यावर वाद झाला होता, त्याची नोंद मिश्नामध्ये आहे. रब्बी अकिवा याने निकराने बाजू मांडली की, सगळे ग्रंथ पवित्र असतील तर हे परमपवित्र आहे. याच अकिवाच्या नावावर आणखी एक वचन तोसेफ्तामध्ये आहे : मेजवानीच्या ठिकाणी जो हे काव्य गळा काढून साध्या गाण्यासारखे गाईल त्याला परलोकात वाटा नाही. मला हे दुसरे वचन अधिक महत्त्वाचे वाटते. बंदी घालावी लागली याचा अर्थ लोक ते गात होते. दुसऱ्या शतकातही मद्याच्या पेल्यांबरोबर, बहुधा लग्नाच्या मांडवात, हे गाणे गाणेच होते. अकिवाने त्याला देव आणि इस्राएल यांच्या प्रेमाचे रूपक ठरवले आणि त्यामुळे ते वाचले. एरवी पंगतीतली गाणी जशी पंगतीबरोबर उठतात तसे तेही उठून गेले असते.

मग रूपकाचे काम जोरात सुरू झाले. अरामी तार्गुमात त्या काव्याची मिसरातून सुटकेपासून मसीहाच्या आगमनापर्यंतची इतिहासकथा झाली. मिद्राशमध्ये मुलीचे दोन स्तन म्हणजे मोशे आणि अहरोन हे दोघे भाऊ. ख्रिस्ती लोकांनी हीच पद्धत उचलली आणि पात्रे बदलली : वर ख्रिस्त, वधू कधी मंडळी तर कधी एकेकट्या माणसाचा आत्मा. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनने यावर दहा भागांचे भाष्य लिहिले. ज्याचा देहभाव अजून सुटलेला नाही त्याने हे पुस्तक हातात धरू नये, असा इशाराही त्याने देऊन ठेवला. बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या बर्नार्डने आपल्या मठातल्या साधूंपुढे यावर प्रवचने सुरू केली. अठरा वर्षांत शहाऐंशी प्रवचने झाली, आणि ११५३ साली तो वारला तेव्हा गाडी तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशी होती. आपल्याकडच्या प्रवचनकारांना हे ऐकून धीर यावा.

मराठी वाचकाला यातले काहीच विचित्र वाटत नाही. आपण विराणी ऐकत वाढलो. आकाशात मेघ दाटले आहेत, चंदनाची उटी अंगाला पोळते आहे, ती नायिका कोकिळेला गप्प राहायला सांगते आहे, ही ज्ञानदेवांच्या नावावरची विराणी मंगेशकर भावंडांमुळे घरोघरी पोचली आहे. ती ऐकताना ही कुणा बाईची तक्रार आहे असे आपल्या मनात येत नाही. हा जीव आहे आणि तो परमात्म्यासाठी तळमळतो आहे, हे आपल्याला कुणी न सांगता कळते. म्हणून गीतरत्न प्रथम वाचणारा मराठी माणूस सहज म्हणतो, ही तर विराणीच. मीही तसेच म्हटले. दुसऱ्या वाचनात मात्र अडखळलो.

विराणीत शेवटी रखुमादेवीवर विठ्ठलाची मुद्रा असते. कवीने स्वतः स्त्रीचे रूप घेतले आहे, आणि कुणासाठी घेतले ते सांगितले आहे. रूपक रचनेतच विणलेले आहे. एकनाथांच्या भारुडांत तर ते उलगडूनही दाखवलेले असते. गीतरत्नाचे तसे नाही. तिथे रूपक वाचणाऱ्याने आणले, आणि तेही काव्य लोकांच्या तोंडी असताना. पहिल्या प्रकारात कवीचा हेतू आहे, दुसऱ्यात वाचकाची गरज. दोन्हींना आपण ‘रूपक’ हा एकच शब्द वापरतो, आणि माझ्या ओवीच्या टिपेतली चूक तिथूनच आली. गळ्यात मुद्रा नसलेल्या ओवीला मी मुद्रा घातली.

हा भेद कागदावर वाटतो तितका स्वच्छ नाही हेही सांगितले पाहिजे. एकनाथांचे ‘रुक्मिणी स्वयंवर’ घ्या. शके १४९३ मध्ये, म्हणजे १५७१ साली, काशीत पुरे झालेले हे आख्यान. कृष्ण-रुक्मिणीचा विवाह म्हणजे जीवशिवाचे ऐक्य, हा नाथांचा हेतू ग्रंथात जागोजाग उघड आहे. पण आमच्या कोकणात, आणि महाराष्ट्रात इतरत्रही, त्याची पारायणे कोणी केली? उपवर मुलींनी, लवकर चांगले स्थळ यावे म्हणून. माझ्या थोरल्या बहिणीने केले होते. नाथांनी लग्नातून अद्वैत काढले आणि आमच्या घरातल्या बायकांनी अद्वैतातून पुन्हा लग्न काढले. तेही परंपरेला मान्य झाले, कुणी त्यांना परलोकाची भीती घातली नाही.

आपल्या जुन्या साहित्यात याच्या अगदी उलट दिशेचे एक उदाहरण आहे, आणि ते फार मौजेचे आहे. हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीत (स. आ. जोगळेकरांच्या आवृत्तीमुळे ती मराठी वाचकाला मोकळी झाली) गोदावरीकाठच्या एका बाईचे बोलणे आहे. फुले तोडायला येणाऱ्या एका धार्मिक गृहस्थाला ती सांगते की, आता निर्धास्त फिरा, तुम्हाला त्रास देणाऱ्या कुत्र्याला त्या झाडीतल्या सिंहाने मारून टाकले. टीकाकार सांगतात, ती झाडी तिच्या भेटीची जागा आहे आणि तिला हा गृहस्थ तिथे नको आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ही गाथा ध्वनीचे उदाहरण म्हणून घेतली. म्हणजे इथे वरचा अर्थ धार्मिक माणसाच्या सोयीचा आणि आतला अर्थ प्रेमाचा. गीतरत्नात वरचा प्रेमाचा आणि आतला धर्माचा. हालाच्या गाथांना पवित्र व्हावे लागले नाही. त्यांना काव्यशास्त्राने जपले. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की, आनंदवर्धनाच्या पद्धतीत आतला अर्थ हाती आल्यावरही कुत्रा कुत्राच राहतो आणि सिंह सिंहच राहतो. सिंहाऐवजी काम आणि कुत्र्याऐवजी क्रोध असे त्याने कुठे म्हटलेले नाही. वाच्यार्थ पुसला तर ध्वनी उमटायला जागाच उरत नाही.

आता त्या मुलीच्या रंगाकडे येतो. पहिल्याच अध्यायात ती यरुशलेमेच्या कन्यांना सांगते की ती काळी आहे, केदारच्या तंबूंसारखी, आणि सुंदर आहे. हिब्रूत या दोन विशेषणांमध्ये एकच अक्षर आहे, वाव. त्याचा अर्थ ‘आणि’ होतो, संदर्भाने ‘पण’ही होतो. जुन्या ग्रीक भाषांतरात ‘आणि’ आहे. जेरोमच्या परंपरेतून आलेल्या, पुढे युरोपभर चाललेल्या लॅटिन पाठात ‘पण’ आहे. काळी आणि सुंदर. काळी पण सुंदर. हा फरक काय असतो हे मराठी माणसाला भाष्यकारांनी समजावून सांगायला नको. ‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे’ हे वाक्य आपण किती स्थळे बघताना ऐकले आहे!

रूपककारांनी त्या काळेपणाचे काय केले? ओरिगेनने तिला मोशेच्या कूशी बायकोशी आणि शबाच्या राणीशी जोडले, आणि म्हटले की हा काळेपणा पूर्वीच्या पापाचा, हीन कुळाचा. सौंदर्य मात्र पश्चात्तापाने आलेले. पुढच्या अनेकांनी हीच वाट धरली. काळा रंग म्हणजे पाप असे एकदा ठरले की मुलगी स्वतः काय कारण देते ते ऐकायची गरज उरत नाही. आणि ती तर स्पष्ट सांगते : सूर्याने मला पाहिले, आईच्या मुलांनी रागावून मला मळ्यांवर राखणीला ठेवले, आणि माझा स्वतःचा मळा राखायचा राहिला. हा मोलमजुरीचा रंग आहे. भातलावणीच्या दिवसांत आमच्या गावातल्या कुठल्याही बाईच्या मानेवर तो दिसेल.

आपल्या परंपरेत हेच रूपक केले असते तर ते दुसरीकडे गेले असते असे मला वाटते. इथे देवच काळा आहे. विष्णुदास नाम्याच्या त्या प्रसिद्ध गौळणीत रात्रीपासून घागरीपर्यंत आणि यमुनेच्या पाण्यापासून स्वतःपर्यंत सगळे काळे होत जाते, कारण शेवटी कृष्णाशी गाठ आहे. तिथे काळे होणे म्हणजे त्याच्यासारखे होणे. कुणी वारकरी फडकरी गीतरत्नावर निरूपणाला बसला असता तर पहिल्या दिवशीच त्याने मुलीच्या रंगाला पांडुरंगाचा रंग म्हटले असते. ते ओरिगेनपेक्षा मुलीला अधिक मानाचे झाले असते यात शंका नाही. तरीही उन्हाचे आणि भावांच्या रागाचे काय, हा प्रश्न उरलाच असता. मानाचे रूपकसुद्धा त्या मुलीला राखणीच्या कामावरून सोडवत नाही, फक्त ते काम दिसेनासे करते.

पाचव्या अध्यायात याहून अवघड जागा आहे. प्रियकर दार ठोठावतो. ती उठेपर्यंत तो निघून गेलेला असतो. ती रात्री बाहेर पडते आणि नगराचे पहारेकरी तिला गाठतात, मारतात, जखमी करतात आणि तिच्या अंगावरचे वस्त्र हिसकावून घेतात. तिने पुढे त्याबद्दल एक अक्षर काढलेले नाही. ती सख्यांना निरोप सांगते तो प्रियकरासाठी. चौथ्या शतकातला निसाचा ग्रेगरी हा मोठा विचारवंत, पण त्याने या जागी काय केले पाहा. पहारेकरी म्हणजे देवाचे सेवक आत्मे, मार म्हणजे हितकर शासन, आणि वस्त्र गेले म्हणजे आत्म्यावरचा पडदा दूर झाला. चांगलेच झाले! मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. नंतर आठवले की अशी निरूपणे मी स्वतः केली आहेत.

नुसता वाच्यार्थ धरला म्हणजे सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. सालामांकाच्या विद्यापीठातल्या लुईस दे लेओन या प्राध्यापकाने एका नातलग जोगिणीसाठी गीतरत्न लोकभाषेत आणले आणि शब्दांचा साधा अर्थ आधी सांगितला. या आणि अशाच आरोपांवरून तो १५७२ ते १५७६ तुरुंगात होता. एका बाईला लॅटिन येत नाही म्हणून केलेले हे काम. आपल्याकडच्या प्राकृतात लिहिणाऱ्यांची आठवण होते. १७७८ साली जर्मन लेखक हेर्डर याने हे सरळ प्रेमगीतांचे संकलन म्हणून प्रसिद्ध केले आणि त्याला कुणी पकडले नाही. पुढे मिसरातली प्राचीन प्रेमगीते सापडली, साम्ये दाखवली गेली, आणि आता विद्वानांत रूपकाचे नाव काढले की स्मित करण्याची पद्धत आहे. हे स्मित मला पटत नाही. रूपकाने हे काव्य दोन हजार वर्षे सांभाळले. वल्हांडणाच्या सणात ते वाचले जाते, अनेक यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी वाचले जाते. आमच्या कोकणकिनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवत शनिवारी बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले बेने इस्राएल लोक याच परंपरेचे. या सगळ्यांना ते फक्त पंडितांच्या चुकीमुळे प्रिय झाले असे म्हणणे उद्धटपणाचे आहे.

शिवाय प्रत्येक भाषा असल्या रूपकातून आपल्याला हवे तेच उचलते. रेव्हरंड ना. वा. टिळक आमच्याच जिल्ह्यातले, करजगावात १८६१ साली जन्मलेले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त ठळकपणे येतो तो माउली आणि गुरू होऊन. युरोपातल्या संतांनी गीतरत्नातून उचललेली वर-वधूची भाषा त्यांना हाताशी होती, पण त्यांचा जीव आईच्या भाषेत रमला, कारण ती ज्ञानदेव-तुकारामांकडून आली होती. पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून विचार करायला लावणारे. पुराणिकाची मुलगी, लहानपणी भागवत मुखोद्गत. हिब्रू आणि ग्रीक शिकून तिने एकटीने संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले, १९२२ साली मृत्यूच्या उंबरठ्यावर ते काम संपवले, आणि १९२४ साली ते छापून निघाले. बायकांना कळावे अशी भाषा हा तिचा आग्रह होता. रासक्रीडेची निरूपणे ऐकत वाढलेल्या या बाईने पहारेकऱ्यांचा तो प्रसंग मराठीत लिहून काढला असेल त्या दिवशी केडगावात काय वातावरण असेल, याची मी अनेकदा कल्पना केली आहे.

आजीचे उरलेले सांगितले नाही. माझा लेख ऐकून ती हसली, घोवाचे म्हणाली, आणि मी उठू लागलो तेव्हा तिने आणखी एक वाक्य बोलले होते. ते मी त्याच संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते आणि साफ विसरलो होतो. एकादशीला भजनाला बसल्यावर हीच ओवी ती विठोबाला म्हणते, असे ती म्हणाली होती. “तेव्हा तो त्याचा. दळताना माझा.”

म्हणजे पांडुरंग माझ्या टिपेत खोटा नव्हता. तो तिलाही ठाऊक होता, माझ्या आधीपासून. फक्त तिने त्याच्यासाठी मुंबईला गेलेल्या माणसाला बोटीतून उतरवले नव्हते. मी उतरवले. माझ्या टिपेत सखा आहे, बोट आहे, खाडी आहे. जाड पीठ नाही. त्याला देण्यासारखा अर्थ मला सुचला नसावा म्हणून मी ते सोडून दिले. ओवीतली सगळ्यात तिची स्वतःची गोष्ट तीच होती. मन जागेवर नसले की हात वैरण नीट घालत नाही, आणि पीठ जाड येते. ही अनुभवाची माहिती आहे, आणि ती विठोबासाठी म्हणतानाही तशीच लागू पडते. किंबहुना ती असल्यामुळेच विठोबाचा विरह खरा वाटतो. बर्नार्डच्या शहाऐंशी प्रवचनांना आणि नाथांच्या स्वयंवराला जो जिव्हाळा आहे तोही कुणाच्या तरी खऱ्या जाड पिठावर उभा असणार.

आजीला जाऊन वीस वर्षे झाली. माझा तो लेख अजून अधूनमधून कुणीतरी उद्धृत करते, आणि ती ओवी ‘भक्तिपर’ म्हणून एक-दोन ठिकाणी गेल्याचे मी पाहिले आहे. वाळवलेल्या वह्यांची मी आता नवी प्रत करतो आहे. त्या ओवीखाली आधी तिचा अर्थ घातला, हर्णै बंदराच्या नावासकट, मग एकादशीचा, माझी जुनी टीप तारीख घालून सर्वांत शेवटी. ओवीच्या दुसऱ्या चरणातला एक शब्द पाण्याने गेला आहे. दोन-तीन शब्द तिथे छंदात बसतात, पण ती जागा मी कोरी ठेवली आहे.